दादाची छाती फुटली नाई

माया दादा तापानं गेला. मलेरिया डोक्यात चढला, असं दवाखान्यातल्या बाईनं आमच्या तोंडावर सांगतलं. तरी गावात लोकं म्हणून राह्यले का प्रफुल पहाड चढून चढून मेला, छाती फुटली त्याची. हे काढलं कोणं? गावातल्या मोठ्या माणसानं, गुणवंतरावानं. विहारात शोकसभा होती, दादाच्या फोटोपुढं मेणबत्ती जळून राह्यली होती, वंदना झाली, अन हा माणूस उभा होऊन म्हणते, "पोट्टेहो, सायकलनं पहाड चढत नसते. प्रफुलचं पाहा." साऱ्यायनं मुंड्या हलवल्या. माया बाबानंही हलवली. दुसऱ्या दिवशी बाबानं सायकल अंगणात काढली, भंगारवाल्यासाठी. म्हणे, "पोरगं खाल्लं इनं."

अरे, काही माहीत नाई त बोलता काऊन?

दादा बोंबील विकाचा, सुकट विकाचा. एटापल्लीच्या बाजारातून माल आणाचा अन आमच्या गावामागचा पहाड चढून वरच्या गावात न्याचा. आंगाले वास याचा. आई म्हणे, "तुले पोरगी कोण देईन रे, मांजर देईन." तो हासाचा.

चंद्रपूरहून त्यानं गेअरची जुनी सायकल आणली. पहिल्याच दिवशी अर्ध्या चढातून ढकलत नेली. घरी आला अन सायकल उलटी केली. मागच्या चाकाले खडूची खूण केली अन पायडल एक फेरा फिरवला. चाक पावणेदोन फेरे फिरलं.

"पाह्य रंजी," म्हणे, "पुढच्या चकरीले बेचाळीस दाते, मागच्या चकरीले चोवीस. एका पायात एवढं ओढा लागते. सपाटीले ठीक, चढावर मरण."

मंग आलापल्लीच्या मिस्त्रीकडून पुढची चकरी बारकी लावली, अठ्ठावीसची. मागची मोठी, चौतीसची. पुन्हा खडू, पुन्हा पायडल. आता चाक पुरा एक फेराही फिरलं नाई.

"म्हणजे हळूच जाशीन ना," मी म्हटलं.

"जाईन हळू. मले का रेल्वे पकडाची हाये? चढताना बोलता आलं पाह्यजे. बोलणं तुटलं का समज गेअर चुकला."

म्हणून तो शेवटच्या वळणापासूनच आवाज द्याचा, "बोंबील घ्या वोऽ!" सायकल दिसाच्या आधी आवाज पोचाचा. बाया मासळी घ्याले बोगण्या-पातेल्या घेऊन उभ्या राहाच्या. छाती फुटणारा माणूस असा वरडते का?

सभेच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला, अन मी सायकल घेऊन निघाली. बाबा मांगून वरडते, मी थांबली नाई. पहाडाखाली गुणवंतरावाचा पोरगा आदेश भेटला, नवी सायकल घेऊन.

"काय वो रंजे, या भंगारानं चढशीन? माह्याले एकवीस गेअर हायेत."

"हायेत त लावतं कोणता?"

"पुढचा मोठा. मोठ्यात ताकत राह्यते. बारका बायकायचा."

"मंग चल, मर ताकतीनं."

तो सुसाट गेला. मी आपली खटखट, पाय भिंगरीवानी अन चाक गोगलगायीवानी. पहिल्याच वळणावर आदेश उतरला होता, तोंड वासून, सुक्या बोंबलावानी.

"रंजे... थांब..."

थांबली नाई. शिव्या देत चढली. त्याच्या बापाले देल्ल्या, मुंड्या हलवणाऱ्यायले देल्ल्या, त्या मच्छराले देल्ल्या. घाम आला, मांड्या भरून आल्या, पण शिवी एकही तुटली नाई. शेवटच्या वळणावर, काऊन का माहीत, तोंडातून निघालं, "बोंबील घ्या वोऽ!"

वरच्या गावातली बुधरीबाई बोगणी घेऊन पळत आली. मले पाह्यलं, रिकामं कॅरिअर पाह्यलं, मंग माह्या मांगं रस्त्याकडं पाह्यत राह्यली. दादा गेला हे तिले कोणं सांगतलंच नव्हतं. मलेच सांगा लागलं. तिनं बोगणी खाली ठेवली अन माया हात धरून बसली.

घरी आली त बाबा अंगणातच होता. भंगारवाला नव्हता.

"आवाज खालपर्यंत येत होता तुया," म्हणे.

"दम तुटला का कुठी?" मी इचारलं.

बाबा उठून चैनीले तेल देऊ लागला. पुढच्या बाजारी बोंबील मीच नेणार हावो.

पण गुणवंतराव, तुमचं राह्यलं. चार लोकायसमोर बोलले ना? मंग विहारात त्याच जागी उभे राहा, अन वापस घ्या.