ताईच्या घरातली भर

चिंचवडला क्रोम प्लेटिंगचा, म्हणजे लोखंडी भाग ॲसिडच्या टाक्यांत बुडवून चकाकी चढवायचा एक कारखाना बंद पडला आणि त्या जागेवर सोसायटी बांधायचं ठरलं. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो. टाक्यांखालची पिवळी पडलेली माती दोन हात खोल काढायची आणि तिथं चांगला मुरूम भरायचा, एवढंच काम. काढलेली माती टाकायची कुठं, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. ठेकेदाराला विचारलं तर म्हणाला, नजरेआड टाक. आपल्याकडे स्वच्छता म्हणजे हीच, आपला केर दुसऱ्याच्या दारात.

माझी थोरली बहीण तेव्हा थेरगावात दोन खोल्या बांधत होती. जोतं उठलं होतं, पण आत भर घालायला माती नव्हती, आणि दाजी येता-जाता तिचं माहेर काढत होते. मी दोन ट्रक तिच्याकडे पाठवायचं ठरवलं.

गेटवरचा म्हातारा वॉचमन पूर्वी त्याच कारखान्यात टाकीवर कामाला होता. ट्रक भरताना त्यानं मला बाजूला घेतलं आणि बोटांवरचे जुने खड्डे दाखवले.

"साहेब, ही माती घरात नका घालू. आमी भोगलंय."

मी हसलो. चार बुकं शिकलेला ना मी! तुम्ही ॲसिडात हात घालत होता, ही नुसती माती आहे, असं त्यालाच ऐकवलं.

भावानं घर भरून दिलं म्हणून ताईनं आळीत साखर वाटली. जमीन तिनं स्वतः केली. पाणी मारून चोपली, शेणानं सारवली आणि दर आठवड्याला सारवत राहिली. पावसाळ्यात भिंतीच्या कडेनं पिवळा खार फुलून यायचा, तो ती हातानंच पुसायची. मग तिच्या बोटांना बारीक भोकं पडली. ती भरून येईनात. डॉक्टरनं मलम दिलं, सासूनं अंगारा लावला. तसली बोटं मी आधी पाहिली होती, गेटवरच्या म्हाताऱ्याची.

तरी वर्षभर तोंड उघडलं नाही. भ्याडपणा, दुसरं काही नाही. शेवटी एका दुपारी ती सारवत असताना सगळं सांगून टाकलं. सगळी भर उकरून काढू, मी स्वतः काढतो, म्हणालो.

ताईचा हात थांबला.

"उकराया लागलास तर ह्यांना कारण सांगावं लागंल," ती म्हणाली. "माहेरानं विष दिलं, हे मला जन्मभर न्हाई ऐकायचं. तू गप ऱ्हा."

आणि तिनं पुन्हा शेणात हात घातला. मला तो हात धरता आला असता. मी धरला नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला हायसं वाटलं.