‘नको’ची चाचणी

तुम्ही स्पष्ट ‘नको’ म्हणालात आणि समोरच्यानं ते ‘हो’ धरून तुमच्या खिशात हात घातला, असं कधी झालंय? आणि वर तुम्हालाच वेड्यात काढलं? तेव्हा तुम्ही काय केलंत? गप्प बसलात ना? आमची खुसपट बसली नाही.

हे नाव तिला ऑफिसातल्यांनी पाडलं, कारण खुसपटं काढणं हाच तिचा धंदा. ऑनलाइन सामान विकणाऱ्या एका कंपनीत ती टेस्टर होती. पैसे भरायचं पान नीट चालतं की नाही, हे बघायचं काम. त्यासाठी ती स्वतः बोटं झिजवत नसे, संगणकाला शिकवून ठेवी. मग ब्राउझर अंगात आल्यासारखा आपोआप उघडायचा, वस्तू निवडायचा, पत्ता भरायचा, बटण दाबायचा. जमलं तर हिरवी ओळ, फसलं तर लाल.

गाडं अडायचं ते एकाच ठिकाणी. शेवटी ब्राउझर स्वतःची छोटी खिडकी उघडून विचारतो, ‘पैसे द्यायचे?’ तिथं जिवंत माणसाचं बोट लागतं, आणि यंत्राला बोट कुठलं? म्हणून चाचणीत एक कळ ठेवलेली असते. गिऱ्हाईक ‘हो’ म्हणालं असं धरायचं, की ‘नको’ म्हणालं असं धरायचं, ते त्या कळीवर ठरतं. या कंपनीत ती कळ पहिल्यापासून ‘हो’वर. पोरं तिला ‘होयबा’ म्हणायची. ‘नको’वर फिरवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पैसे नाकारणाऱ्या माणसात कोणाला रस?

आता मावशी. आईच्या माघारी खुसपटला वाढवलं ते हिनं, शिलाई मशीन चालवून. पडदे, गणवेश, फाटक्या चेनी, काही म्हणून नाकारलं नाही. दोरे-बटणं ती याच साइटवरून मागवायची, भाचीची कंपनी म्हणून कौतुकानं. एकदा खिडकी उघडली. वर्षाचं सभासदत्व हवं का, पैसे द्यायचे का? मावशीनं ‘नको’ दाबलं. पैसे गेले.

“दाबलं असशील काहीतरी,” मावशीचे यजमान, म्हणजे काका, म्हणाले. “कार्ड दे इकडे. आजपासून माझ्याकडे राहील.”

जिच्या मशिनीवर घर उभं राहिलं, तिनं आता रिळासाठी नवऱ्यापुढे हात पसरायचा! मावशी फसलेल्या गिऱ्हाइकांसाठी भांडणाऱ्या आमच्या ग्राहक गटाच्या खोलीत आली ती ओठ घट्ट मिटून. “पैसे गेले चुलीत,” म्हणाली. “मी ‘नको’ दाबलं होतं, एवढं त्यांनी यांच्यासमोर कबूल करावं. बास.”

मी कंपनीच्या दारात जाऊन असा आवाज चढवला की पहारेकऱ्यानं खुर्ची दिली. शेवटी पेमेंट विभागाच्या साहेबानं स्वतः मावशीला फोन केला. फोन स्पीकरवर होता, काका समोर, आणि खुसपट काजं करत बाजूला बसलेली. ही त्याच्याच हाताखालच्या मुलीची मावशी, हे साहेबाला ठाऊक नव्हतं.

“आजी, बोट घसरलं असेल,” साहेब गोड आवाजात म्हणाला. “वयाप्रमाणे होतं असं. घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवत जा.”

काकांनी ‘बघ, मी म्हणालो नव्हतो?’ अशा नजरेनं पाहिलं. मावशीनं फोन ठेवला आणि मशीन सुरू केली. खुसपटची सुई मात्र कापडातून पार अंगठ्यात गेली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं कळ ‘नको’वर फिरवली. ओळीच्या ओळी लाल! ‘नको’ आलं तरी पान पुढे सरकत होतं आणि साठवलेल्या कार्डातून पैसे उचलत होतं. ती सरळ साहेबाकडे गेली.

“तिमाही संपू दे, मग बघू,” साहेब म्हणाला. “आणि ती कळ होती तिथं ठेव.”

माहीत नव्हतं तोवर चूक होती. या वाक्यानंतर लबाडी. तिनं साहेबाच्या देखत कळ ‘हो’वर ठेवली, जागेवर जाऊन बसली आणि वाट बघू लागली. राग थंड करून वापरायची ही हातोटी माझ्यात नाही. मी टेबल उलथवलं असतं.

वाट फार बघावी लागली नाही. नव्या पेमेंट पद्धतीला मंजुरी द्यायला बँकेच्या बाई आल्या. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ब्राउझर सरसर धावत होता, सगळं हिरवंगार. साहेबाची छाती शर्टात मावेना.

“बाई, एक कळ फिरवून दाखवू?” खुसपटनं विचारलं.

“दाखवा की.”

पडदा लाल झाला.

“हिनं टेस्टच चुकीची लिहिलीय!” साहेब उसळला. “खरा माणूस बसला की असं होत नाही.”

“मग बसा ना, साहेब. तुम्ही काय खोटे आहात?”

कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. साहेबाला बसावंच लागलं, स्वतःचं खातं उघडून, स्वतःचं कार्ड लावून. सगळ्यांच्या देखत त्यानं ‘नको’ दाबलं. खिशातला मोबाइल वाजला. सभासद झाल्याबद्दल अभिनंदन!

खुसपट त्याच्या कानाशी वाकली, पण आवाज खोलीभर जाईल असा ठेवून म्हणाली, “बोट घसरलं असेल, साहेब. वयाप्रमाणे होतं असं. वहिनींना शेजारी बसवत जा.”

मला विचाराल तर त्याचा तो चेहरा फ्रेम करून आमच्या खोलीत लावायला हवा होता.

बँकेनं मंजुरी रोखली. कंपनीनं पान गुपचूप दुरुस्त केलं, मावशीचे पैसे परत केले आणि ‘शिस्तभंग’ म्हणून खुसपटला घरी बसवलं. पैसे परत आले, तरी काका म्हणतात, “दया आली असेल त्यांना.” कार्ड अजून त्यांच्याच खिशात आहे. म्हणून आम्ही ग्राहक न्यायालयात गेलो. साहेबानं मावशीकडे बघून, काका ऐकत असताना बोलायचं: ‘तुम्ही नको दाबलं होतं.’ त्याशिवाय मी त्याला सोडणार नाही, आणि खुसपट तर नाहीच नाही. त्यांचा वकील म्हणतो, डेमोच्या दिवशी यंत्रात बिघाड होता आणि तक्रार करणारी ही एकच म्हातारी आहे.

एकच? मला ते पटत नाही. तुमच्यापैकी किती जणांना घरच्यांनी ‘तूच चुकलीस’, ‘तुलाच कळत नाही’ म्हणून गप्प केलंय, ते तुमचं तुम्हाला माहीत. तर ‘नको’ दाबूनही तुमचे पैसे गेले असतील, तर शरमू नका. पैसे कापल्याचा बँकेचा मेसेज पुसू नका. आमच्या खोलीवर या आणि मावशीच्या शेजारी साक्षीला उभे राहा.