एफएफआय क्लिअर

माझी शेवटची पोस्टिंग देवळालीत होती. हुद्दा हवालदार, काम नर्सिंग असिस्टंट, ठिकाण एका तोफखाना रेजिमेंटची एमआय रूम. एमआय रूम म्हणजे युनिटचा दवाखाना. ताप, मुरगळलेले घोटे, बुटांनी आलेले फोड, हे रोजचं काम. त्याहून मोठं काही असलं तर पेशंट छावणीच्या हॉस्पिटलात जायचा. दिवसभर रेंजवरून तोफांचे आवाज येत. नवीन माणूस दचकायचा, जुना चहा ढवळत राहायचा.

रजेवरून परतलेल्या जवानाची एफएफआय होते. फ्री फ्रॉम इन्फेक्शन. जवान कपडे उतरवून रांगेत उभा राहतो. डॉक्टर त्वचा, डोळे, घसा, जांघा पाहतात. काही दिसलं नाही तर तो क्लिअर आणि ड्युटीवर हजर. या रांगेत थट्टा चालायचीच.

"हवालदार साहेब, घरवालीनं महिनाभर तपासलंय. आता तुम्ही काय नवीन शोधणार?"

"तिनं कान तपासले नसतील. मागच्या वेळी मळ होता."

ही तपासणी डोळ्यांनी होते. जे दिसतं तेवढंच तिला कळतं. पुढचं सगळं या एका गोष्टीमुळे घडलं.

लान्स नायक निवृत्ती तोफ ओढणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर होता, घोटीकडचा. नाव बदललं आहे. लिहायला त्याची परवानगी आहे. त्याची अट एकच होती, आधी बायकोला वाचून दाखवायचं. तिने ऐकलं आहे.

बायको सविता पाचव्या महिन्याची गरोदर होती. दोघं फॅमिली क्वार्टरमध्ये राहत. आधीचं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. तेव्हा ती गावी होती आणि गरोदरपणातली रक्ततपासणी राहून गेली होती. सासूने कारण ठरवून टाकलं: सविता भाताच्या आवणीला गेली, दिवसभर वाकून रोपं लावली, म्हणून मूल गेलं. गावाने ते मानलं. सवितानेही मानलं. क्वार्टरमध्ये आल्यापासून ती पाण्याची बादलीसुद्धा उचलत नव्हती.

हॉस्पिटलातून रक्ताचा रिपोर्ट आला. सिफिलिस, म्हणजे उपदंश. दुसऱ्या चाचणीनेही तेच सांगितलं. आमच्या मेडिकल ऑफिसर मेजर मॅडमनी नवऱ्याला बोलवायला सांगितलं. निवृत्ती त्या वेळी रेंजवर होता. मी वायरलेसवर निरोप दिला.

"ड्रायव्हर निवृत्ती को एमआय रूम भेजो. ओव्हर."

"कारण बताओ. ओव्हर."

"मेडिकल. आउट."

वायरलेस अख्खी बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, ऐकते. त्याहून जास्त शब्द बोलायचे नव्हते.

तो धुळीने माखलेला आला. मॅडमनी दार लावून घेतलं आणि आजाराचं नाव सांगितलं. तो उभाच राहिला.

"मॅडम, माझं एफएफआय क्लिअर हाय."

"कधीचं?"

मग त्याने सांगितलं. आधीच्या पोस्टिंगवर तो एकदा एका बाईकडे गेला होता. निरोध वापरला नव्हता. काही आठवड्यांनी, रजेवर निघण्याच्या सुमारास, लिंगावर एक फोड आला. दुखत नव्हता. त्याने मलम लावलं. रजा संपेपर्यंत फोड गेला. परतल्यावर तो घाबरतच रांगेत उभा राहिला आणि क्लिअर झाला.

"डॉक्टरांनी पास केलं म्हटल्यावर मी सुटलो. त्या दिवशी मेसमध्ये दोन चपात्या जास्त खाल्ल्या."

"नंतर हातांवर, तळपायांवर पुरळ?"

"आलं होतं. खाजत नव्हतं. मला वाटलं, हाताला ग्रीस लागलं आणि पायाला बूट चावले."

मॅडमनी त्याला बसवलं. "हा जंतू रक्तात राहतो, निवृत्ती. पहिला फोड दुखत नाही आणि औषधाशिवायही जातो. फोड जातो, आजार जात नाही. तू रजेवर घरी गेलास, तेव्हा तो सविताला लागला. आईकडून तो पोटातल्या बाळाला जातो. पहिलं मूल बहुतेक त्यानेच गेलं."

"आणि हे?"

"याला वेळ आहे. पेनिसिलिनने आजार बरा होतो. पण दोघांनीही घ्यायचं."

निवृत्ती मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, तिला ताकदीची सुई म्हणून सांगता येईल का?"

"नाही. तिचं शरीर आहे. तिला खरं कळेल. तू सांग, मी शेजारी बसते."

दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं. मी बाहेरच्या खोलीत सिरिंज लावत होतो, दार अर्धं उघडं होतं. सविताने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं ते मॅडमना.

"मंग आवणीचं काय?"

"आवणीचा काहीही संबंध नाही."

"लावणी केली म्हणून नाय गेलं?"

"नाही."

ती नवऱ्याकडे वळली. "सुई मी घेईन. पोरासाठी घेईन. पण आईंना हे तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडानं. मी एक शब्द बोलणार नाय."

"सांगतो."

"इंजेक्शनं संपायच्या आत."

हे औषध पांढरं आणि घट्ट असतं, कमरेत खोल द्यावं लागतं. आठवड्याला एक, असे तीन डोस. सविताला पहिला डोस हॉस्पिटलात ठेवून दिला; मॅडम आणि मी तिथेच थांबलो. संध्याकाळी तिला थंडी वाजून ताप भरला आणि पोट आवळायला लागलं. निवृत्ती व्हरांड्यातून धावत आला.

"साहेब, सुई बंद करा! हेबी जाणार. तुम्ही मारणार त्याला!"

"मॅडमनी सकाळी काय सांगितलं होतं?"

"मला नाय आठवत."

"जंतू मरायला लागले की ताप येतो, कळाही येऊ शकतात. म्हणूनच तिला इथे ठेवलंय. बाळाचे ठोके सुरू आहेत. ऐक."

मॅडमनी यंत्राचा आवाज वाढवला. ठोके भरभर आणि स्वच्छ ऐकू येत होते. सविता डोळे मिटून म्हणाली, "अहो, बसा खाली. तुमच्या बुटांच्या आवाजात काय ऐकू येईना." तो बसला. सकाळपर्यंत ताप उतरला आणि कळा थांबल्या.

निवृत्तीचेही डोस झाले. तो लंगडताना दिसला की बॅटरीतले विचारत. तो फुटबॉल म्हणायचा. फुटबॉल त्याने कधी खेळला नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या डोसनंतरच्या रविवारी तो घोटीला गेला. आईशी काय बोलणं झालं ते त्याने मला सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याची आई क्वार्टरला आली, ते सविताने नंतर सांगितलं. तांदळाची गोणी दारात उतरवून घेतली, चहा नको म्हणाली, आणि सवितासमोर बसली.

"तुला लय बोलले मी, पोरी."

"बोलल्या होत्या."

"आता ह्याला बोलते."

"बोला. मी चहा टाकते, आता नाय म्हणू नका."

बाळंतपण वेळेवर झालं. मुलगी. रडण्याचा आवाज लेबर रूमबाहेर आला तेव्हा निवृत्ती सावधानमध्ये उभा होता. बाळाचं रक्त तपासलं, काही महिने पुन्हा पुन्हा तपासलं. शेवटचा रिपोर्ट नॉन-रिअॅक्टिव्ह आला. मॅडमनी तो निवृत्तीच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हे खरं क्लिअर. पण लक्षात ठेव, आजार एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही." तो म्हणाला, "येस मॅडम," आणि भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

त्यानंतर रजेवरून येणाऱ्या जवानांना मॅडम रांगेतच सांगू लागल्या: डोळ्यांना दिसत नाही ते रक्तात दिसतं. शंका असली तर विचारा, दार बंद करून बोलू. काही जण आले. दोघांना इंजेक्शनं लागली. थट्टा चालूच राहिली, पण दार लावलं की थांबायची.

मी निवृत्त होण्याआधीचा शेवटचा रेझिंग डे, म्हणजे रेजिमेंटचा स्थापना दिवस. स्मारकावर पुष्पचक्र वाहिलं, बिगुल वाजला, सगळे मान खाली घालून उभे राहिले. शिळेवर रेजिमेंटच्या शहिदांची नावं कोरलेली आहेत. परेड सुटल्यावर निवृत्ती माझ्याजवळ आला.

"साहेब, दगडावरची समदी नावं मनात घेतली. मंग त्याचीबी आठवण काढली. पहिल्या पोराची."

मी पुन्हा शिळेकडे पाहिलं.

"मुलगा होता. नाव ठेवायचं राहिलं."

पलीकडे बायकांच्या रांगेत सविता उभी होती. मुलगी तिच्या खांद्यावर गाढ झोपली होती. बिगुलानेही ती जागी झाली नव्हती.