आत्याचा पोळलेला पंजा

माझ्या आत्याने पोटच्या लेकीला डागताना तिचे पाय धरले होते.

ती आत्या आज सकाळी बीदर जिल्ह्यातल्या ठाणाकुशनूरला वारली.

तिची लेक मालन पाच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. हाक मारली तर बघायची नाही. तासन्‌तास बांगड्या ओळीत मांडायची.

म्हणून गावच्या रिवाजाप्रमाणे गवत कापायचा इळा तापवून तिच्या पोटावर टेकवला. तीन वेळा.

"पाय मीच धरले व्हते. तसंच लिही," आत्या मला सांगायची.

ऐंशीच्या दशकात, मी जन्मायच्या आधी, ती मालनला घेऊन बीदरच्या कचेरीत गेली. मागण्या दोनच. अशा लेकरांची सरकारात वेगळी नोंद करा. डागणाऱ्यांवर केस घाला.

साहेब म्हणाले, "अक्का, आंधळे, बहिरे, लंगडे, मतिमंद. फॉर्ममध्ये एवढेच रकाने हायत. तुझी लेक कशात बसती?"

"न्हाई तर नवा आखा की. पट्टी न्हाई व्हय तुमच्याकडं?"

सगळी कचेरी हसली.

त्याच महिन्यात कळलं, शेजारच्या गावात एका मुलीला डागायलेत.

आत्या धावत गेली. लोकांनी तिला काठ्यांनी मारलं. दोन दात पाडले.

तरी तिने तो लाल झालेला इळा उघड्या हाताने धरला. मुलीची आई मुलीला घेऊन पळेपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी तोच हात साहेबांच्या टेबलावर ठेवला. सोललेली कातडी फॉर्मला चिकटली.

"आता लिवा. कामून थांबलाव?"

या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांनी अर्ज घेतला.

उत्तर आलं नाही. तिने दुसरा दिला. मग तिसरा. पुढे आमच्या घरात पहिली डिग्री मला मिळाली, तेव्हापासून अर्ज मी लिहायला लागले.

मालनच्या सर्टिफिकेटवर ऑटिझम हा शब्द आला, तोवर तिचे केस पिकले होते.

आज आत्याला अंघोळ घालायला बायांनी ऊन पाणी आणलं.

मालन आडवी आली. कुणाला अंगाला हात लावू न देणारी मालन.

पाण्यात बोट घातलं. झटकन काढलं.

मग रांजणातलं गार पाणी आणून त्यात ओतत राहिली. वाफ पार थांबेपर्यंत. पुन्हा बोट घालून बघितलं, आणि बाजूला झाली.

आत्या, परवा एका गावात पोटावर ताजे डाग असलेलं लेकरू सापडलंय.

अर्ज मी लिहायलेय. तू आता निवांत झोप.

जय भीम.