खाली पाहून चालणारा माणूस

सौंदड स्टेशनाबाहेरच्या सायकल स्टँडवर मी रोज गाडी लावतो. तो स्टँड चालवणारा माणूस तसा मोठा बोलका. पण चालताना आधी जमीन नीट पाहणार, मगच पाऊल टेकवणार. मला नसत्या चौकशांची खोड. एकदा विचारलंच, "भाऊ, काऊन असे खाली पाहून चालता?"

"कलकत्त्याच्या क्लबात पगारावर फुटबॉल खेळत होतो," तो म्हणाला. "मंग फौजेत गेलो, अन् लढाई लागली. तिथं जमिनीत सुरुंग पेरले होते. माह्या पुढचा दोस्त न पाहता चालला."

एवढं सांगून तो माझी गाडी उगाच सरळ करत बसला. परत आल्यापासून त्याने बॉलला पाय लावला नव्हता.

गेल्या रविवारी धान कापलेल्या बांधीत आमच्या गावाची गोंदियाच्या टीमशी मॅच होती. बरोबरी होऊन गोष्ट पेनल्टीवर आली, आणि शेवटची किक मारणाऱ्या आमच्या गड्याचा पाय मुरगळला. सगळे बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसलेल्या स्टँडवाल्याकडे पाहू लागले.

तो उठला. एकेक पाऊल पाहत बॉलपर्यंत आला, इतका सावकाश की गोंदियाचा गोलकीपर हसून म्हणाला, "चाचा, जल्दी करो!"

मग त्याने मान वर केली, गोलकडे नजर लावली आणि धानाच्या धसकटांतून धावत सुटला. गोलकीपर हलायच्या आत बॉल गोलमध्ये होता.

पोरांनी त्याला खांद्यावर उचललं. तिथून मला शोधून तो ओरडला, "भाऊ, मी खाली पायलोच नाई!"