आईचा खल

माझ्या लाडक्या नातवंडांनो, ईरा आणि निहार, माझ्या पोटातले जंतू गेल्याचा रिपोर्ट काल आला, म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

माझी भाची मीनल प्रयोगशाळेत याच जंतूंवर काम करते. पोटातला जंतू कर्करोग कसा घडवतो, हे ती शोधते आहे. गेल्या महिन्यात तिने मला तो सूक्ष्मदर्शकातून दाखवला. स्क्रूसारखी पिळदार, जांभळी, एवढीशी रेघ.

"मावशी, हा पोटाच्या अस्तराला चिकटतो आणि पेशींत आपलं प्रथिन टोचतो. वर्षानुवर्षं सूज राहते. मग एखाद्याच्या पेशी ताळतंत्र सोडतात."

"आणि मिरची?" मी विचारलं.

"अगं, आजीच्या मिरचीला किती वर्षं फाशी देणार आहेस?"

माझी आई पोटाच्या कर्करोगाने गेली. "ठेचा खाऊन स्वतःच जाळून घेतलं पोट," असं घरातले सगळे म्हणाले. मला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. ते मिळालं आणि मी पुढे विचारलंच नाही. तेरावा झाल्यावर तिचा ठेचा कुटायचा दगडी खल गोणपाटात बांधून मीच माळ्यावर टाकला. जन्मभर फिका स्वयंपाक केला आणि मनातल्या मनात तिच्यावर रागावत राहिले. तिचा काही गुन्हा नव्हता, हे कळल्यावर स्वतःच्या रिपोर्टपेक्षाही मोकळं वाटलं.

आज सकाळी गोणपाट सोडलं. बत्ता सापडला नाही. खल शाबूत आहे.