गोळ्या कुठे घ्यायच्या

टीबीची औषधं सुरू करून तीन महिने झाले तरी माझा खोकला थांबला नव्हता. रोज संध्याकाळी ताप यायचा. ब्लाउज सैल होत होते आणि फळ्यावर लिहिताना हात खाली घ्यावासा वाटायचा. तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. भांडुपच्या एका शाळेत मराठी शिकवत होते आणि डोंगराकडच्या बाजूला, एका जुन्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर आईबरोबर राहत होते. एक खोली आणि स्वयंपाकघर. बाबा गिरणीत होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघीच.

पुन्हा बेडका तपासला आणि डॉक्टरांनी सांगितलं की माझा टीबी नेहमीच्या औषधांना जुमानत नाही. वेगळ्या गोळ्या लागतील, दीड वर्षं तरी. त्यातली एक गोळी हृदयावर परिणाम करू शकते म्हणून पहिले दोन आठवडे हॉस्पिटलात राहायचं. पुढचं मग ठरवू. हॉस्पिटलातच राहायचं, रोज म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात जाऊन गोळ्या घ्यायच्या की घराजवळच कुणाच्या तरी देखरेखीखाली घ्यायच्या?

"तुम्हाला काय सोयीचं पडेल?" त्यांनी विचारलं.

इतक्या महिन्यांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा उत्तर द्यायची ताकद उरली नव्हती. मी म्हटलं, तुम्ही सांगाल तसं. ते म्हणाले, नाही, विचार करून सांगा. मला त्यांचा रागच आला.

वॉर्डातले पहिले चार दिवस मी नुसती झोपून होते. कुणी काही मागत नव्हतं, वह्या तपासायच्या नव्हत्या, आईच्या चेहऱ्याकडे बघायचं नव्हतं. खरं सांगायचं तर मला तिथे बरं वाटत होतं. शेजारच्या खाटेवर घाटकोपरची एक बाई होती, माझ्याहून लहान. तिचे राहायचे दिवस कधीच संपले होते. पण राउंडच्या वेळी ती रोज डॉक्टरांना सांगायची की चक्कर येते. मी एकदा विचारलं, घरी जावंसं वाटत नाही का? ती म्हणाली की घरी आठ माणसं आहेत, तिचं ताट वेगळं, झोपायला बाहेरचा पॅसेज. सासू तिच्या हातात तिचं मूलही देत नाही.

"इथे निदान माझी म्हणून एक खाट आहे," ती म्हणाली. "तुला कुणी घ्यायला येत असेल तर तू जा."

मला घ्यायला येणारं माणूस रोजच येत होतं. आई दोन बस बदलून डबा घेऊन यायची. तिला वॉर्डात येऊ देत नसत, म्हणून ती खाली बाकावर बसून राहायची आणि वॉर्डबॉयबरोबर डबा वर पाठवायची. तिचे गुडघे किती दुखतात ते मला माहीत होतं. एकदा खिडकीतून पाहिलं तर ती बाकावर बसूनच झोपली होती, पिशवी मांडीवर घेऊन. त्या दुपारी मी ठरवलं की घरी जायचं. घर आवडतं म्हणून नाही, तिची ये-जा थांबावी म्हणून.

घरी आले तशी टीबीचं काम बघणारी एक बाई आली. सगळे तिला सिस्टर म्हणत. मास्क लावून ती खिडकीपाशी बसली आणि तिने समजावून सांगितलं. गोळ्या रोज कुणाच्या तरी डोळ्यांसमोर गिळायच्या. ते माणूस शक्यतो घरचं नको, कारण घरच्यांना दया येते, आज राहू दे म्हणतात. आई हे ऐकून दुखावली. स्वयंपाकघरातून म्हणाली, "माझ्या पोरीक औषध माझ्या हातान नको?" सिस्टर कार्ड भरत राहिली. अशी वाक्यं तिने पुष्कळ घरांत ऐकली असावीत.

म्युनिसिपालिटीचा दवाखाना माझ्या शाळेला लागून होता. तिथे मुलांना लस द्यायला आणणाऱ्या बायका म्हणजे माझ्याच वर्गातल्या मुलांच्या आया. मी म्हटलं, तिथे नको. सिस्टर म्हणाली, मग मी रोज येते. पण तिची ती बॅग आणि तो मास्क आठवडाभर जिन्यात दिसला असता तर अख्ख्या बिल्डिंगला कळलं असतं. माझ्या मनात तळमजल्याच्या मावशी होत्या. त्या घरीच ब्लाउज शिवायच्या. दिवसभर बायका पिशवी घेऊन त्यांच्याकडे जायच्या-यायच्या आणि कोण कशाला गेली हे कुणी विचारत नसे.

मावशी साठीच्या, विधवा, एकट्या राहणाऱ्या. मुलगी दहिसरला दिलेली. सिस्टर आणि मी गेलो तेव्हा त्या मशीनवर बसून होत्या. सिस्टर बोलत होती तोवर त्यांचा पाय मशीनच्या पेडलवर तसाच होता, हलत नव्हता. मग त्यांनी दोन प्रश्न विचारले. मला होईल का? सिस्टरने खरं ते सांगितलं. दार-खिडकी उघडी ठेवायची, मास्क लावायचा. औषध लागू पडलं की काही आठवड्यांत धोका खूप कमी होतो, पण अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. दुसरा प्रश्न, किती दिवस?

"दीड वर्ष," सिस्टर म्हणाली.

मावशींनी दोरा दातांनी तोडला. "सातच्या आत ये," त्या मला म्हणाल्या. "नंतर गिऱ्हाईक येतं."

त्यांनी हो का म्हटलं हे मी कधी विचारलं नाही. आईचा आणि त्यांचा विशेष घरोबाही नव्हता.

मग रोज सकाळी मी पिशवीत एक ब्लाउजपीस घालून खाली उतरायचे. महिनोन्महिने तोच, जांभळा. गोळ्यांचा डबा त्यांच्या कपाटात अस्तराच्या कापडांमागे असायचा. दाराजवळच्या स्टुलावर बसून मी एकेक गोळी गिळायचे. मूठभर गोळ्या, अर्धा तास लागायचा. सुरुवातीला दोनदा उलटी झाली, ती मावशींनीच पुसली. मला पुसू दिली नाही, कारण मला वाकलं की घेरी येत होती. शेवटची गोळी गेली की त्या म्हणायच्या, "आ कर." मी आ करायचे. मग त्या सिस्टरने दिलेल्या कार्डावर खूण करायच्या आणि मशीनकडे वळायच्या. गप्पा अशा आमच्या फार झाल्या नाहीत. सकाळच्या त्या वेळी दोघींनाही बोलवत नसे.

पाचव्या महिन्यात बेडका स्वच्छ आला आणि मी शाळेत परत जायला लागले. मुख्याध्यापिकाबाईंना खरं माहीत होतं, बाकीच्यांना निमोनिया सांगितला होता. पण एका गोळीने माझा रंग बदलत चालला होता. तोंड आणि हात काळपट तांबूस झाले. जिन्यात एकीने विचारलं, गावाला जाऊन उन्हात फिरलीस काय गं? मी हो म्हटलं. तळपायांची आग सुरू झाली होती. रात्री पाय चादरीलाही लागू नयेत असं वाटायचं.

आठव्या महिन्यात कळायचं ते कळलं. दुसऱ्या मजल्यावरची एक बाई पोरीच्या लग्नाचे ब्लाउज घेऊन जरा लवकर आली आणि तिने माझ्या हातातलं गोळ्यांचं पाकीट पाहिलं. तिच्या दिराला हाच आजार होऊन गेला होता, त्यामुळे ते पाकीट तिला लगेच ओळखू आलं. ती कापडं घेऊन तशीच परत गेली. चार-पाच दिवसांत मावशींच्या खोलीतली शिवायला टांगलेली कापडं कमी झाली. काहींनी न शिवलेली परत नेली. जे झालं ते मला त्या रिकाम्या दोरीवरून समजलं, मावशींनी सांगितलं नाही.

मी म्हटलं, मी उद्यापासून दवाखान्यात जाते. शाळेतल्यांना कळलं तर कळू दे.

"जा ना," मावशी म्हणाल्या. "पण त्याने गेलेलं गिऱ्हाईक येणार आहे का? मग इथेच घे."

त्यांच्या आवाजात माया नव्हती. पुढे कित्येक दिवस त्या माझ्याशी तुटकच वागल्या आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मीही दवाखान्यात गेले नाही. मला मनातून जायचंच नव्हतं, आणि त्यांनी थांबवलं म्हणून मला सुटल्यासारखं झालं, हे लिहायला हवं.

वर आईला हे समजलं. माझं औषध दुसऱ्या बाईच्या हातून, म्हणून आई आठ महिने मावशींशी धड बोलली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी बाजारातून कापड घेऊन आली आणि खाली गेली. त्या महिन्यात आईने मावशींकडून चार परकर आणि तीन ब्लाउज शिवून घेतले. आधीचेच तिने न वापरता ट्रंकेत घड्या करून ठेवले होते. मी काही विचारलं तर म्हणायची, "तुका कित्याक होयो हिशोब? माका होये होते." पुढे बिल्डिंगमधल्या बाकीच्या बायका हळूहळू परत आल्या. सगळ्या नाही. लग्नाचं काम काही परत आलं नाही.

अकराव्या महिन्यात माझंच मन उडालं. काही खास घडलं नव्हतं. एका सकाळी उठले आणि खाली उतरावंसं वाटेना. आईला सांगितलं अंग दुखतंय, मावशींना फोन करून सांगितलं ताप आहे. दुसऱ्या दिवशी फोनही केला नाही. शाळेत गेले नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला बरं वाटत होतं, खोकला नव्हता, बेडका स्वच्छ होता. मग हे कशासाठी, असं वाटत होतं. त्याहून खरं म्हणजे कशासाठीच काही करावंसं वाटत नव्हतं. त्या गोळ्यांनी मनही असं खाली बसतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण त्या वेळी ते गोळ्यांमुळे आहे असं वाटत नाही. हेच खरं आहे असं वाटतं.

तिसऱ्या दिवशी मावशी वर आल्या. तीन मजले चढून आल्या होत्या, भिंतीला धरून. हातात डबा. आईने त्यांना खुर्ची दिली आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. बराच वेळ मावशींचा श्वास खाली बसेना. मी उठून बसलेसुद्धा नाही.

"मला कंटाळा आलाय," मी म्हटलं.

"मलाही आलाय," मावशी म्हणाल्या. "रोज उठून तुझं तोंड बघायचं. मुलगी दहिसरला बोलावते, दोन दिवस राहायला जाता येत नाही. अकरा महिने झाले, मी कुठे गेले नाही."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रविवार, गणपती, दिवाळी, कधीही खाली गेले की दार उघडं असायचं. ते उघडं असतं इतकंच मला माहीत होतं.

"मग सोडा ना," मी म्हटलं.

"तू सोडलंस तर मी सोडते. आत्ता सांग, म्हणजे मी संध्याकाळची गाडी पकडते."

त्या रागावल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या. मी रडले नाही, त्याही काही समजावत बसल्या नाहीत. आतून कुकरची शिट्टी झाली. थोड्या वेळाने मी पाणी मागितलं आणि आईने तांब्या आणून मावशींच्या हातात दिला, माझ्या नाही. मी गोळ्या घेतल्या. मावशी म्हणाल्या, "आ कर."

त्यानंतर सिस्टरने माझी एक गोळी डॉक्टरांकडून कमी करून घेतली, आणि महिन्यातून दोन दिवस ती स्वतः संध्याकाळी यायला लागली, साध्या कपड्यांत, पिशवी घेऊन. ते दोन दिवस मावशी दहिसरला जायच्या. एवढं साधं होतं ते, पण ते आधी आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

औषध अठरा महिन्यांनी बंद झालं नाही, वीस लागले. शेवटचा रिपोर्ट चांगला आला. आईने नारळ आणि साडी घेऊन मावशींची ओटी भरायचं ठरवलं होतं. मावशी म्हणाल्या, विधवेची कसली ओटी भरतेस. आई म्हणाली, मी पण तशीच, कोण बघायला बसलंय. त्या दिवशी त्या दोघी बराच वेळ खाली बोलत बसल्या आणि मी वर येऊन झोपले. रंग हळूहळू उजळला. पायांची आग पूर्ण गेली नाही. वर्गात आता मी खुर्चीवर बसून शिकवते.

बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं तेव्हा मावशी दहिसरला मुलीकडे गेल्या त्या तिकडेच राहिल्या. मशीन घेऊन गेल्या. आई आणि त्या फोनवर बोलतात.

गेल्या वर्षी सिस्टरचा फोन आला. माझ्यासारखीच एक मुलगी आहे, कॉलेजात जाणारी, भांडुपचीच. तिला दवाखाना नको आहे. रोज गोळ्या द्यायला तू येशील का? मी नाही म्हटलं. रोज म्हणजे काय हे मला माहीत होतं. सिस्टरने आग्रह केला नाही. फोन ठेवल्यावर मला स्वतःची लाज वाटली, पण लाज वाटली म्हणून अंगात जोर येत नाही.

नंतर कळलं की त्या मुलीच्या गल्लीतली एक अंगणवाडीची बाई तयार झाली. मुलीने तिचंच नाव सांगितलं होतं. मी सिस्टरला विचारलं, त्या बाईला सुट्टी कधी असते? ती म्हणाली, सुट्टी कसली, रोजच. मग मी म्हटलं, रविवार मी करते.

आता रविवारी सकाळी मी जाते. ती मुलगी झोपेत असते, चिडलेली असते, मी आलेली तिला आवडत नाही. मी पाणी ओतून देते आणि बसून राहते. आम्ही दोघी फार बोलत नाही.